लेखनिकाचा अर्जच वाचता येत नाही

संपादक महोदय,

मी दृष्टिहीन असून इतिहासात एम.ए. करते. संगणकावरचा मजकूर मला एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर वाचून दाखवते, पण आमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्याचीही बोबडी वळते. वेळापत्रक म्हणजे सही-शिक्क्याच्या कागदाचा स्कॅन. त्यात त्याला एक अक्षर सापडत नाही. जुनी परिपत्रके युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली, ती ऐकताना कानावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे आदळतात. परीक्षा अर्जाच्या शेवटी कॅप्चा, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून टाइप करायची; आवाजाचा पर्याय नाही. मग भावाला पासवर्ड सांगायचा आणि तो कामावरून येईपर्यंत बसून राहायचे. कहर म्हणजे परीक्षेत उत्तरे लिहून देणारा लेखनिक मिळण्यासाठीचा अर्जही स्कॅन केलेलाच! अक्षरे लहान-मोठी करायची बटणे मात्र हौसेने बसवली आहेत.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. डिजिटल सुविधा सर्वांना वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये केवायसीसंबंधीच्या (ग्राहकाच्या ओळख-पडताळणीच्या) निकालात स्पष्ट केले. तरी परीक्षा विभागात फोन केला की उत्तर ठरलेले : ‘कुणाकडून तरी भरून घ्या ना, मॅडम.’

परिपत्रक कुणीतरी संगणकावरच टाइप करते. मग ते छापून, सही करून, पुन्हा स्कॅन कशाला? सही हवीच असेल तर सोबत मूळ युनिकोड फाइलही टाकावी. त्याला ना निविदा लागते, ना निधी. पुढच्या सत्राचे अर्ज सुटण्याआधी एवढे तरी व्हावे.

– एक दृष्टिहीन विद्यार्थिनी