डिस्क एकच गेली होती, तरी डेटा गेला

मा. संपादक,
स. न.

पुरवणीतला डेटा स्टोरेजवरचा लेख वाचला, चांगला आहे, पण 'रेड लावलं की डिस्क गेली तरी काळजी नाही' हे वाक्य (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून, एखादी गेली तरी डेटा वाचावा अशी केलेली मांडणी) वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्या सर्व्हरला रेड ५ होतं, म्हणजे पॅरिटीवर चालणारा प्रकार, ४ डिस्क. आता पॅरिटी म्हणजे काय तर साधा हिशोब, ७, ४ आणि ९ यांची बेरीज २० चौथ्या डिस्कवर लिहून ठेवा, ४ हरवला तर २० मधून ७ आणि ९ वजा करा, ४ परत मिळाला (खरं तर तिथे बेरीज नसते, एक्सॉर नावाची बिटांवरची क्रिया असते, आणि रेड ५ मध्ये पॅरिटी सगळ्या डिस्कवर वाटलेली असते, पण तत्त्व हेच). तर एक डिस्क गेली, नवीन लावली, रीबिल्ड (गेलेला डेटा हिशोबाने काढून नव्या डिस्कवर लिहिणं) सुरू झाला आणि मध्येच अडकला, कारण उरलेल्या तीनपैकी एका डिस्कवरचा एक सेक्टर, म्हणजे डिस्कचा छोटासा भाग, वाचताच येईना. तो सेक्टर कधीपासून खराब होता कुणास ठाऊक, त्या फाइल कुणी उघडल्याच नव्हत्या त्यामुळे कळलंच नाही. एका समीकरणात दोन अज्ञात संख्या, कशा सुटणार?

यावर उपाय आहे हो, आणि जुना आहे. रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्येच चुका दुरुस्त करणारा कोड मांडला, त्यात डेटाच्या १० तुकड्यांना ४ जादा तुकडे जोडले तर १४ पैकी कुठलेही ४ गेले तरी सगळं परत मिळतं आणि जागा लागते फक्त १.४ पट. तीन कॉप्या ठेवल्या तर जागा ३ पट लागते आणि तरी दोनच गेलेल्या चालतात! फक्त एक तुकडा परत बनवायला दुसरे १० वाचावे लागतात, तेवढा नेटवर्कवर लोड येतो, ते मान्य.

पण माझं म्हणणं असंय की कोड कितीही भारी असला तरी स्क्रबिंग केलं नाही तर उपयोग नाही, म्हणजे ठरावीक दिवसांनी सगळ्या डिस्क शेवटपर्यंत वाचून काढायच्या आणि खराब सेक्टर सापडला की बाकीचं सगळं धड आहे तोवरच तो दुरुस्त करून घ्यायचा. आमच्याकडे हे कुणी चालूच केलं नव्हतं. दुसरं म्हणजे डिस्क कधी कधी एरर न देता चुकीचाच डेटा देते, अशा वेळी नुसत्या पॅरिटीला बेरीज जुळत नाही एवढंच कळतं, चूक कोणाची ते कळत नाही, त्यासाठी डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे त्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, वेगळा ठेवावा लागतो.

आणि चुकून डिलीट केलेली फाइल यातलं काहीच परत आणत नाही, कारण सिस्टिमच्या दृष्टीने ते डिलीट बरोबरच असतं, त्याला वेगळा बॅकअपच लागतो. पुढच्या लेखात निदान स्क्रबिंग आणि बॅकअपवर दोन ओळी तरी छापा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक