चार रोपांचा ओलावा आणि घराच्या भिंती

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपले वृत्तपत्र कॅनडातही इंटरनेटवर अनेक मराठी घरांत वाचले जाते, म्हणून येथील घरांतल्या एका दुर्लक्षित प्रश्नाविषयी हे पत्र लिहीत आहे. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजाविषयक कायदा बदलला आणि प्रौढ व्यक्तींना घरटी चार रोपे लावण्याची मुभा मिळाली. क्यूबेक प्रांताने मात्र घरगुती लागवडीवर बंदी कायम ठेवली आहे. भारतात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार अशी लागवड हा गुन्हा आहे, त्यामुळे पुढील मजकूर केवळ जेथे कायद्याची परवानगी आहे तेथील वाचकांसाठी आहे. कायद्याने रोपे मोजली, पण ती रोपे घरातील हवेत किती पाणी सोडतात याचा विचार लावणाऱ्यानेच करावयाचा असतो आणि नेमका तोच बहुतेक जण करीत नाहीत.

मी कॅलगरीत राहतो. आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे आणि भुरी, डावणी, कुजवा ही द्राक्षावरील रोगांची नावे ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. ऑक्टोबर छाटणीनंतर वडील उजाडण्यापूर्वी बागेत जात आणि तळहाताची मागची बाजू पानाला लावून दव किती पडले आहे ते पाहत. त्या एका स्पर्शावर त्या दिवशीची फवारणी ठरत असे. एवढे पाहिलेले असूनही येथील तळघरात चार रोपे लावताना मी आर्द्रतेकडे दुर्लक्ष केले, याचे मला आजही वाईट वाटते.

कॅलगरीची हवा कोरडी असते, हे खरे आहे. हिवाळ्यात बाहेर उणे 25 अंश असताना त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये अर्धा-पाऊण ग्रॅमच बाष्प मावते आणि तीच हवा घरात येऊन 21 अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेला हिस्सा, पाच टक्क्यांच्याही खाली जाते. मध्येच चिनूकचे, म्हणजे पर्वतांवरून उतरणारे उबदार वारे सुटतात आणि काही तासांत तापमान वीस-पंचवीस अंशांनी चढते. जूनमध्ये पाऊस लागला की तळघर दमट होते. दक्षिण ऑंटारियोत राहणाऱ्या आप्तांची अडचण याहून वेगळी आहे, कारण तेथे जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा इतकी दमट असते की तळघराची खिडकी उघडली तर थंड भिंतीवर पाणी धरते. एकाच देशात आणि एकाच घरात, वर्षातील वेगवेगळ्या महिन्यांत उपाय उलटसुलट करावे लागतात, म्हणून इंटरनेटवर वाचलेला एखादा आकडा डोळे झाकून पाळून चालत नाही.

रोप मुळांवाटे जे पाणी घेते, त्यातील जवळजवळ सगळे पानांवाटे हवेत जाते. माझी चार रोपे भर वाढीत असताना त्यांना दिवसाला सहा लिटर पाणी लागत असे. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि आठ फूट उंच अशा बंद खोलीतील 24 अंशांची हवा पूर्ण संपृक्त झाली तरी तिच्यात जेमतेम 700 मिलिलिटर पाणी मावते. उरलेले पाणी जाणार कोठे? हवा बाहेर टाकण्याची सोय नसेल, तर ते खिडकीच्या काचेवर, भिंतीतील थंड कोपऱ्यात आणि माळ्याच्या लाकडावर जाऊन बसते, आणि बुरशीचा काळा डाग दिसेपर्यंत आतील लाकूड ओले झालेले असते. ज्या घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण आहे, तेथे ही बाब मला पिकापेक्षाही गंभीर वाटते. म्हणूनच उघड्या खोलीत रोपे ठेवू नयेत. त्यासाठी मिळणारा कापडी तंबू घ्यावा, ओलावा वाढवायचा तो तंबूच्या आतच वाढवावा आणि पंख्याने ओढलेली हवा नळीवाटे थेट घराबाहेर सोडावी, माळ्यावर कधीही सोडू नये.

रोप लहान असताना 65 ते 70 टक्के, पाने-फांद्या वाढताना 55 ते 65 टक्के आणि फुलोरा धरल्यावर 50 टक्क्यांच्या आत आर्द्रता असावी, हे बहुतेकांना माहीत असते. माझे नुकसान झाले ते रात्रीमुळे. फुलोऱ्यात रोपांना सलग बारा तास अंधार द्यावा लागतो. दिवे चालू असताना तंबूत 26 अंश तापमान आणि 55 टक्के आर्द्रता असेल आणि दिवे बंद झाल्यावर तापमान 18 अंशांवर उतरले, तर पाण्याचा एक थेंबही न वाढता तीच आर्द्रता 87 टक्क्यांच्या आसपास पोहोचते. तापमान 22 अंशांवर थोपवले तर ती 70 च्या आत राहते. मी मात्र संध्याकाळी दिवे असताना यंत्र पाहून निश्चिंत होत होतो. एके सकाळी सर्वांत मोठ्या तुऱ्यातील एकच बारीक पान पिवळे पडलेले दिसले. ते हलकेच ओढले तर प्रतिकार न करता हातात आले. तुरा उकलला, तर आतला देठ तपकिरी, मऊ आणि राखाडी लवीने भरलेला होता. द्राक्षाच्या घडात शिरणारी राखाडी बुरशी ती हीच. असा तुरा कापून उरलेला भाग वापरण्याचा मोह कोणी करू नये, कारण बुरशी लागलेला माल फुफ्फुसांना, विशेषतः प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला, धोकादायक ठरू शकतो. मी ते रोप मुळासकट टाकून दिले.

त्यानंतर प्रथमच मी आर्द्रतामापक तपासला. ज्या दुकानातून तो घेतला तेथे मला ‘कॅलगरीत आर्द्रतेची काळजी नको’ असे सांगण्यात आले होते. तपासण्याची रीत स्वयंपाकघरातीलच आहे: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्याच्या काही थेंबांनी ओल्या वाळूसारखे करावे, झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत ठेवावे आणि बारा तासांनी आकडा पाहावा. खोलीच्या तापमानाला तो 75 आला पाहिजे. माझ्या मापकाने 64 दाखवले. म्हणजे मापकावर 78 दिसत असेल, तेव्हा खरी आर्द्रता 90 च्या घरात असे.

आता मी दिवे रात्री लावतो, त्यामुळे घर सर्वांत थंड असते तेव्हा तंबू उबदार राहतो आणि अंधाराचे तास दिवसा, घर तापलेले असताना येतात. पाणी दिवे लागताच देतो, बंद होण्यापूर्वी देत नाही. बागेत फेल म्हणजे बगलफुटी काढतात आणि घडाभोवतीची पाने विरळ करतात, तशी आतली, प्रकाश न मिळणारी पाने काढून टाकतो आणि छोटा पंखा चोवीस तास फिरता ठेवतो. आर्द्रता शोषणारे यंत्र घेताना एवढे पाहावे की कंप्रेसरवर चालणारी यंत्रे थंड तळघरात नीट काम करीत नाहीत. उलट हिवाळ्यात धुके सोडणारे यंत्र वापरणाऱ्यांनी त्यात नळाचे पाणी घालू नये, कारण कॅलगरीचे पाणी जड आहे आणि त्यातील क्षार पांढऱ्या भुकटीसारखे पानांवर व फर्निचरवर बसतात.

काढणीनंतरही ओलाव्याचे काम संपत नाही. 18 अंशांच्या आसपास आणि 55 ते 60 टक्के आर्द्रतेत, अंधारात दहा-बारा दिवस सावकाश वाळवणे उत्तम. भर हिवाळ्यात मात्र घरातील हवा इतकी कोरडी असते की तीन दिवसांत वरचे कवच कुरकुरीत होते, आत ओल तशीच राहते आणि बरणीत भरल्यावर ती बाहेर येऊन बुरशी धरते. म्हणून प्रत्येक बरणीत मी एक छोटा मापक ठेवतो. आकडा 65 च्या वर गेला, की माल पुन्हा कागदावर पसरतो.

बियाणे आणि रोपे परवानाधारक दुकानांतून विकली जातात. त्या पाकिटावर जातीचे नाव आणि फुलोऱ्याचे आठवडे जसे छापतात, तसेच रात्रीच्या आर्द्रतेची मर्यादा आणि हवा घराबाहेर सोडण्याची सूचना छापणे बंधनकारक करावे, असे पत्र मी माझ्या प्रांताच्या लोकप्रतिनिधींना पाठवले आहे. ऑंटारियो आणि ब्रिटिश कोलंबियातील मराठी वाचकांनीही आपापल्या प्रतिनिधींना तसे कळवावे, ही विनंती आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय तंबू उभारू नये, कारण भिंतीत मुरलेल्या ओलीचा खर्च शेवटी त्यांच्याच अंगावर येऊ शकतो.

आपला नम्र,
एक वाचक, कॅलगरी