माचिकोच्या निकालाबद्दल

निशी-कासाई, टोकियो

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम. आईचं मेतकूट पोचलं.

तुमची उभी नोकरी साताऱ्याच्या कोर्टात गेली, म्हणून एक ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका तुम्हाला सांगायचीच आहे. 'डेथ परेड', २०१५ सालची, १२ भागांची, ताचिकावा युझुरु दिग्दर्शक. पोरांचं कार्टून समजू नका.

एकाच वेळी मेलेली दोन माणसं एका बारमध्ये येतात. आपण मेलोय हे त्यांना आठवत नसतं. डेकिम नावाचा बारवाला त्यांना जीव पणाला लावून खेळ खेळायला लावतो. खेळताना आठवणी परत येतात, मनातलं वाईटसाईट वर येतं, आणि त्यावरून तो ठरवतो : पुनर्जन्म की कायमचं शून्य.

पहिल्या भागात ताकाशी आणि माचिको हे नवं जोडपं. डार्टच्या फलकावर समोरच्याचे अवयव, बाण लागला की कळ त्याला. ताकाशीला बायकोचा संशय असतो, ज्या अपघातात दोघं मेली त्यात पोटातलं मूलही गेलेलं. शेवटी माचिको ओरडून सांगते, पैशासाठीच लग्न केलं! ती शून्यात जाते. दुसऱ्या भागात डेकिमची मदतनीस म्हणते, माचिको खोटं बोलली, नवऱ्याला पश्चात्तापाने जळावं लागू नये म्हणून. पण निकाल लागून गेलेला. वर अपील नाही.

बाबा, मला हे फार लागलं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्ट पुरावा मानत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. इथे तर न्याय करणाराच आधी छळतो आणि मग जे तोंडून निघेल ते खरं धरतो.

जपान्यांची जुनी समजूत याहून दयाळू वाटते. त्यांचा एन्मा म्हणजे आपलाच यम. इथे टोकियोतच मोनझेन-नाकाचोजवळ एका देवळात त्याची प्रचंड बैठी मूर्ती आहे. त्याच्या आरशात माणसाचं सगळं आयुष्य दिसतं म्हणे, एका घटकेचा राग नव्हे. आणि ४९ दिवस दर सातव्या दिवशी घरचे मेलेल्यासाठी प्रार्थना करतात. म्हणजे त्याच्या बाजूने बोलणारं कुणीतरी असतं.

मालिकेलाही हे कळतं, म्हणून ती मला थोर वाटते. ती मदतनीस चियुकी, गुडघा दुखावल्याने स्केटिंग सुटलं आणि तिने जीव दिला. शेवटच्या भागात डेकिम तिला रडणारी आई दाखवतो. कुणा अनोळखी माणसाच्या जिवाच्या बदल्यात तुला परत जाता येईल, म्हणतो. ती नकार देते, कारण त्या माणसाचंही असंच कुणीतरी रडेल. तेव्हा डेकिमला तिचं दुःख जाणवतं आणि तो ढसाढसा रडतो. मीही रडलो.

दादाला लावून द्यायला सांगा, इंग्रजी सबटायटल्स मिळतील. पहिले दोन भाग सलग बघा आणि माचिकोच्या बाबतीत तुमचं मत काय, ते कारणांसकट लिहा.

आईला साष्टांग नमस्कार.

तुमचा,
अभय