उंदराच्या फोटोतला लाल डाग

संपादक महाशय, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या विज्ञानाच्या पानावर दोन उंदरांचे फोटो शेजारीशेजारी होते, एकाच्या पोटावर लालभडक डाग, दुसऱ्याच्या नुसता निळसर, आणि खाली ओळ काय तर ‘औषधाने गाठ गायब’. ते कात्रण आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय, एका काकूंनी तर काकांसाठी हे औषध लक्ष्मी रोडला मिळेल का म्हणून विचारलं. मी असे फोटो काढणाऱ्या मशीनवर काम करते म्हणून लिहिते, तो लाल रंग उंदरात नसतोच हो!

कॅन्सरच्या पेशींमध्ये काजव्याचं ल्युसिफरेज (काजवा ज्याने चमकतो ते एन्झाइम) बनवणारं जनुक आधीच घातलेलं असतं. मग उंदराला ल्युसिफेरिनचं इंजेक्शन (ल्युसिफरेजशी याची रिॲक्शन झाली की प्रकाश पडतो), आयसोफ्लुरेनची गुंगी, काळोखी पेटी, आणि उणे ९० अंशांच्या आसपास थंड केलेला कॅमेरा, कारण प्रकाश इतका मंद की डोळ्याला काही दिसत नाही. कॅमेरा तो प्रकाश आकड्यांत मोजतो, कॉम्प्युटर त्या आकड्यांना रंग देतो, कमी तो निळा नि जास्त तो लाल, आणि साध्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर चढवतो. म्हणजे कुठल्या आकड्याला कुठला रंग ही स्केल बदलली की औषधाचा थेंबही न देता तीच गाठ लालची निळी होते. बाजूची रंगपट्टी तुम्ही नेमकी कापून टाकलीत.

शिवाय रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश खाऊन टाकतं, लाल तेवढा बाहेर येतो (रात्री मोबाईलचा टॉर्च बोटांमागे धरून बघा). त्यामुळे कातडीलगतची बारकी गाठ झगझगते आणि फुप्फुसातली मोठी फिकी दिसते, काळ्या उंदराचे केस काढले नसतील तर अजूनच घोळ. ही प्रकाशाची रिॲक्शन ऑक्सिजन आणि एटीपीवर (पेशीला ऊर्जा देणाऱ्या रसायनावर) चालते, तेव्हा गाठीच्या मधे रक्त पोचत नसेल तर गाठ वाढली तरी प्रकाश कमीच.

टेक्निक वाईट नाही, उलट फार कामाची आहे. आधी दर टप्प्याला काही उंदीर मारून बघावं लागायचं, आता तोच उंदीर कित्येक आठवडे बघता येतो, १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी प्रयोगात प्राणी कमी वापरा म्हणून जे सांगितलं त्यातलंच हे. खरी बातमी ही होती, ती तुम्ही सोडलीत.

पुढच्या वेळी रंगपट्टी छापा, आणि ‘हा प्रयोग उंदरांवरचा आहे’ हे हेडिंगमध्येच येऊ द्या. काकूंना मी सांगितलंय, पण ग्रुप बरेच आहेत.

— एक वाचक, कर्वेनगर, पुणे