ओवेनगॅटची वाट दाखवणाऱ्या आजोबांस

आदरणीय आजोबा,
सप्रेम नमस्कार.

आयर्लंडमधील रॉसकॉमन परगण्यात, टल्स्क गावाबाहेर, आम्ही नकाशा हातात धरून ओवेनगॅट ही गुहा शोधत घोटाळत असताना आपण हातातले काम टाकून आमच्याबरोबर आलात. निघताना आपले नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे आभार असे जाहीरपणे मानावे लागत आहेत.

राथक्रोहनची टेकडी आम्ही आधीच पाहिली होती आणि, खरे सांगायचे तर, हिरमुसलो होतो. आयरिश दंतकथांतील कोनाख्ट प्रांताची राणी मेव्ह हिची राजधानी म्हणून जी मनात होती, तिच्या जागी सुमारे ८९ मीटर व्यासाचा एक गवताळ उंचवटाच समोर होता. त्याच्याभोवती ३६० मीटर व्यासाचे वर्तुळ मातीखाली दडलेले असून कुदळ न लावता केवळ उपकरणांनी त्याचा माग काढला गेला, हे आपण सांगितल्यावर तोच उंचवटा आम्ही पुन्हा पाहिला. मेव्ह आणि तिचा पती आयलिल यांनी शय्येवर पडल्या पडल्या आपापल्या धनाची मोजदाद केली, आयलिलच्या एका पांढऱ्या शिंगांच्या बैलापायी राणीचे पारडे हलके पडले आणि तेवढ्यावरून, त्याच्या तोडीचा बैल आणायला, उत्तरेकडील अल्स्टर प्रांतावर स्वारी झाली, ही कथा ऐकताना विराटाच्या गाई पळवायला निघालेले कौरव आठवल्यावाचून राहिले नाहीत.

परंतु खरे ऋण आहे ते ओवेनगॅटचे, म्हणजे मांजरांच्या गुहेचे. त्या अरुंद तोंडातून आम्ही चिखलात सरपटत आत शिरलो, तेव्हा आपण विजेरीचा झोत वरच्या आडव्या दगडावर धरून ओघम या प्राचीन आयरिश लिपीतील ‘मेव्हचा पुत्र फ्रेख याचा’ ही अक्षरे दाखवलीत आणि लगेच बजावलेत, की दगड दुसरीकडून आणून बसवलेला असावा, त्यावरून राणी सिद्ध होत नाही. सॅविन या जुन्या आयरिश सणाच्या रात्री, ३१ ऑक्टोबरला, याच तोंडातून परलोकातील प्राणी बाहेर पडतात, ही कथा मात्र आपण तशा कोणत्याही पुस्तीवाचून सांगितलीत. वासराची शेपटी धरून आत ओढली गेलेली बाई थेट स्लायगो परगण्यातील केशकोरनच्या गुहेतून बाहेर आली, ही कथाही तशीच. मी नंतर अंतर पाहिले. ते सुमारे ३० किलोमीटर भरते.

आपली विजेरी चुकून आमच्याच पिशवीत आली आहे. सॅविनच्या आत ती परत आणून देतो.

आपला कृतज्ञ,
डब्लिनचा एक मराठी रहिवासी