सूचना : एआयकडून मोबाईल अ‍ॅप लिहून घेणाऱ्या सभासदांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सर्व सभासदांना नमस्कार.

केळीच्या भावाचं असो की डेअरीच्या हिशोबाचं, अख्खं अ‍ॅप असिस्टंटकडे एकदम मागू नका. एक स्क्रीन मागा, खऱ्या फोनवर चालवा, गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) कमिट करा, म्हणजे तेवढा कोड जतन करा, मगच पुढची. नाहीतर नवं जोडताना असिस्टंट चालणारा भागही बदलतो आणि मागे जायला वाट उरत नाही. शिवारात रेंज जातेच, म्हणून प्रत्येक स्क्रीन विमान मोडवरही तपासा.

सगळ्यात जास्त काळजी डेटाची घ्या. गुप्त एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची किल्ली) अ‍ॅपच्या कोडमध्ये राहिली तर एपीके (अ‍ॅपची इन्स्टॉल फाइल) उघडून कोणीही ती काढू शकतो. ती सर्व्हरवरच ठेवा. फायरस्टोअर (गूगलचा ऑनलाइन डेटाबेस) 'टेस्ट मोड'मध्ये सुरू केलं की ३० दिवस डेटा सगळ्यांना उघडा असतो, आणि मुदत संपली की अ‍ॅपला तो मिळेनासा होतो. त्यात शेतकऱ्यांचे फोन नंबर असतात, तेव्हा डेटा कोणाला दिसावा याचे नियम आधीच लिहा. फ्लटरसाठी (अ‍ॅप बनवायचं गूगलचं साधन) सुचवलेलं पॅकेज, म्हणजे तयार कोडचा संच, पब डॉट डेव्ह या त्याच्या अधिकृत साइटवर खरंच आहे का ते बघा; नसलेली नावंही असिस्टंट देतो.

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक गूगल प्ले डेव्हलपर खात्याला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणीत किमान १२ टेस्टर (अ‍ॅप तपासणारे) सलग १४ दिवस लागतात. ज्यांना टेस्टर कमी पडतात त्यांनी ग्रुपवर लिहावं, बाकीच्यांनी जरूर जोडून घ्यावं.