आर्वो पॅर्ट म्हणजे झोपेचे संगीत नव्हे

मा. संपादक,
स. न.

एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्ट यांनी ११ सप्टेंबर २०२५ रोजी नव्वदी पूर्ण केली. आपल्याकडे त्यांच्या रचना कानावर येतात त्या बहुधा मोबाइलवरच्या ‘शांत झोपेसाठी’ छापाच्या याद्यांमधून. हा त्या संगीतावर अन्याय आहे. इतका काटेकोर हिशेब आजच्या फार थोड्या रचनांत सापडेल.

१९६८ मधल्या ‘क्रेडो’ या रचनेत त्यांनी ख्रिस्तावरची श्रद्धा उघड मांडली आणि सोव्हिएत अधिकाऱ्यांची खप्पामर्जी ओढवली. पुढची आठ वर्षे, तिसरी सिंफनी सोडली तर, ते जवळजवळ गप्प होते. चर्चमधले जुने एकपदरी गायन अभ्यासत होते. १९७६ मध्ये ‘फ्युर आलिना’ ही छोटी पियानोरचना आली आणि त्यांची ‘टिनटिनाबुली’, म्हणजे लहान घंटांची, पद्धत सुरू झाली. १९८० मध्ये देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन.

ही पद्धत नाशिकच्या कुठल्याही संगीत वर्गात पेटीवर करून पाहता येते. पांढरी सहाचा, म्हणजे सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा, सा धरा. सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच मिळतात. एक हात सरळ चढतो: सा, रे, कोमल ग, म, प. दुसऱ्या हाताला फक्त सा, कोमल ग आणि प यांची मुभा. पहिल्या स्वराच्या वरचा यांपैकी सर्वांत जवळचा स्वर त्याने त्याच क्षणी द्यायचा. म्हणजे सावर ग, रेवरही ग, गवर प, मवरही प, आणि पवर तार सा. रे-ग आणि म-प या जोड्या खटकतात. विद्यार्थी ती चूक समजून स्वर बदलतात आणि तिथेच रचना मरते, कारण तिचा सगळा ताण त्या खटक्यातच आहे. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातला तोच स्वर वाजवणारी पेटीची सोय) बंद ठेवा, नाहीतर सप्तकांच्या गर्दीत खटका बुजतो. कणस्वर, म्हणजे मुख्य स्वराला चाटून जाणारे स्वर, अजिबात नकोत.

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या स्मरणार्थ १९७७ मध्ये केलेला ‘कँटस’ तर आपल्या रियाजातल्या पलट्यासारखाच आहे: सा, सा नि, सा नि ध, दर वेळी एक स्वर जास्त. तंतुवाद्यांचे पाच थर तो एकाच वेळी वाजवतात. प्रत्येक खालचा थर वरच्याच्या निम्म्या गतीने आणि एक सप्तक खाली, म्हणून सर्वांत खालचा थर सोळापट संथ. सोबत एकच घंटा. तिचा शेवटचा ठोका इतका हलका पडतो की वाद्यांखाली तो कळतच नाही. वाद्ये थांबली की मागे घंटेची आस, म्हणजे लांबत जाणारा नाद, उरते. कान देऊन ऐकले तर तिच्यात शुद्ध गांधार लागतो, सबंध रचना कोमल गांधाराची असूनही! मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हे हरवते.

नारोशंकर मंदिराची घंटा मिरवणाऱ्या आपल्या नाशिकला हे ऐकायला फार शिकवावे लागणार नाही. रविवारच्या पुरवणीत पॅर्ट यांच्या दोन-तीन रचना अशा उलगडून द्याव्यात, ही विनंती. आणि ‘कँटस’ सभागृहात ऐकवला तर ती आस पूर्ण विरेपर्यंत टाळ्या थांबवा, असे निवेदकाने आधीच सांगावे.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक